जुन्या चेतकला कोणता रंग?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी रंगाविषयी बोलणार म्हटल्यावर तुम्ही मेंदी, मोरपीस, संध्याकाळचे आभाळ अशा गोष्टींची वाट पाहाल. आज मला पत्र्यावरच्या रंगाविषयी बोलायचे आहे. घरातली जुनी गाडी पुन्हा उभी करायची, तर तिला कोणता रंग द्यावा, एवढाच विषय. वरवर पाहता हा दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न आहे. दुकानात जावे, पट्टीवरच्या एका रंगावर बोट ठेवावे आणि घरी यावे. पण मी या प्रश्नावरून भावाभावांत अबोला धरलेला पाहिला आहे, आणि याच प्रश्नापायी रंगाऱ्याची छाती भरून आलेलीही पाहिली आहे. म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअॅक कंपनीची जीटीओ ही मोटार आली. मध्यम अंगाच्या गाडीत दांडगे इंजिन बसवलेले. अशा गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. त्यांचे रंग भडक आणि रंगांची नावे खट्याळ. १९७० च्या सुमारास क्रायस्लर समूहाने एका जांभळ्या रंगाचे नाव ‘प्लम क्रेझी’ ठेवले होते. आज तिकडचा हौशी माणूस अशी गाडी दुरुस्तीला घेतो, तेव्हा आधी तिच्या अंगावरची पत्र्याची एक छोटी पट्टी शोधतो. त्या पट्टीवर कारखान्याने रंगाचा सांकेतिक क्रमांक ठोकलेला असतो. तो क्रमांक आणि गाडीवरचा रंग जुळला, तर गाडीची किंमत चढते. नाही जुळला, तर गिऱ्हाईक नाक मुरडते.

आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात असे पैलवान क्वचितच दिसतात. आपल्याकडे जीर्णोद्धाराला येते ती स्कूटर, आणि बहुतेक वेळा चेतक. १९७२ च्या सुमारास बजाजने ती बाजारात आणली. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या गाडीला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले होते. लोकपरंपरेत तो घोडा निळसर अंगाचा मानतात, हे रंगाच्या गप्पांत लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक काळ असा होता की नोंदणी केल्यावर गाडी हाती यायला दहा-दहा वर्षे लागत. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याचा नंबर लवकर लागे. २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणेच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव परत आले, पण विजेवर चालणाऱ्या गाडीवर. त्यामुळे किक मारण्याआधी एका अंगाला तिरकी करावी लागणारी जुनी चेतक आता ज्याच्या घरात असेल, त्याच्याच घरात उरली आहे. कोणाच्या जिन्याखाली, कोणाच्या गोठ्यात, तर कोणाच्या गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली.

ही ताडपत्री काढणारी माणसे चाळिशी-पन्नाशीची आहेत. त्यांचे वडील याच पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते. पुढे उभे राहून, हँडलच्या मधल्या जागेत हनुवटी टेकवून, ही माणसे त्या गाडीवरून शाळेत गेली आहेत. इंजिन दुरुस्त होते, टायर नवे मिळतात, जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारली तर एखादे पॅनेलही हाती लागते. अडते ते रंगाशी.

पहिला प्रश्न असतो, गाडीचा मूळ रंग कोणता? माणसाच्या आठवणीवर इथे फार विसंबू नये. पत्र्याला विचारावे. उन्हाने रंग विटतो, म्हणून ऊन जिथे पोचत नाही तिथे पाहावे. सीट उचलून पेट्रोलच्या टाकीभोवती, नंबरप्लेटच्या मागे, डिकीच्या आतल्या अंगाला, हँडलच्या वरच्या झाकणाच्या आत. तिथे एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, गोल गोल घासावी. एकेक थर उघडा पडतो आणि झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळे दिसू लागतात. सर्वांत आत पत्रा, त्यावर अस्तर, त्यावर कारखान्याचा रंग, आणि मग मालकाने वेळोवेळी मारलेले हात.

नमुना मिळाला की तो जुळवायचा. दुकानात आता यंत्रावर रंग मिसळून देतात. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येक प्रकाशात निरनिराळ्या रंगांचे प्रमाण वेगळे असते. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून घ्यावा, वाळू द्यावा, आणि सकाळी दहाच्या सुमारास सावलीत, उघड्यावर, मूळ रंगाशेजारी धरून पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांतही फरक पडतो. डब्याच्या झाकणावरचा ठिपका पाहून गाडी रंगवायला देऊ नये.

आता भावाभावांच्या अबोल्याकडे येतो. आमच्या भागात दोन भाऊ आहेत. वडिलांच्या मागे त्यांनी त्यांची चेतक दुरुस्तीला काढली. थोरला म्हणे, गाडी निळी होती. धाकटा म्हणे, मी जन्मापासून ती बदामीच पाहिली आहे. दोघांत सात वर्षांचे अंतर. आरसी बुकात निळा लिहिलेला होता, थोरल्याला तेवढे पुरे होते. पॉलिश पेपरने घासले तर वर बदामी आणि खाली निळा, दोन्ही निघाले. म्हणजे दोघेही खरेच बोलत होते, पण त्याने भांडण मिटेना. रंगारी आठ दिवस गन धुऊन बसला होता. शेवटी त्यांची आई, जिला तोवर कोणी काही विचारलेच नव्हते, ती म्हणाली, “अरे, निळा कंपनीने दिला होता. नंबर लागला तेव्हा जी मिळाली ती आणली. बदामी मी सांगितला होता. तुमच्या वडिलांनी पहिल्यांदा मला विचारलं, की तुला कोणता हवा.”

गाडी बदामी झाली. मला तो निर्णय योग्य वाटला. तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

कारण ‘मूळ’ या शब्दाची ओढ फार मोठी आहे. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेंदराचे लेपन उतरवले गेले आणि आतले प्राचीन रूप समोर आले, तेव्हा महाराष्ट्रभर लोक कुतूहलाने ती छायाचित्रे पाहत होते. आत काय आहे हे पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्यांनी शेंदराचे ते रूप आयुष्यभर पाहिले, त्यांच्या मनात तेही रूप होतेच. देवाची गोष्ट वेगळी आणि वाहनाची वेगळी, हे मला कळते. तरी प्रश्न सारखा आहे. वस्तू बनली त्या दिवशीचे रूप खरे धरायचे, की ती माणसांत वावरली तेव्हाचे? गाडी प्रदर्शनात मांडायची किंवा विकायची असेल, तर कारखान्याचा रंग द्यावा. घरात ठेवायची असेल, तर घराला विचारावे, आणि विचारताना घरातल्या सगळ्यांना विचारावे.

इथे कायद्याची एक-दोन कलमे कानावर घालतो. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलला, तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी. नाहीतर पुढच्या तपासणीत किंवा विमा मागताना अडचण येते. त्या दोन भावांच्या वडिलांनी ती नोंद केलीच नव्हती, ती मुलांनी आता केली. दुसरे असे, की २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अगदी सुरुवातीच्या चेतक आता त्या वयाच्या झाल्या आहेत. कोणाकडे तशी असेल, तर सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार करण्याआधी हा नियम वाचावा.

रंगाची छटा ठरली. आता रंगाची जात ठरवायची, आणि माझ्या मते खरी निवड इथे आहे.

आपल्याकडचे जुने रंगारी गाडीच्या गनच्या रंगाला अजून ‘डुको’ म्हणतात. हे नाव १९२० च्या दशकातले. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेल्या रंगाला ते दिले होते. त्याआधी मोटारीचे रंगकाम वाळायला आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, हे पुष्कळांना माहीत असते. डुको आला आणि तासांत वाळणारे नाना रंग मिळू लागले. हा रंग थिनर उडून गेल्याने वाळतो. त्याला घासून, पॉलिश करून सुरेख मऊ चमक येते. पण त्याचे दोन दोष आपल्याला भोवतात. पावसाळी हवेत थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग पांढरट पडतो. दुसरे म्हणजे पेट्रोलचे त्याला वावडे. चेतकची टाकी सीटखाली, तिचे तोंडही तिथेच. पेट्रोल भरताना दोन थेंब ओघळणारच.

दुसरी जात सिंथेटिक इनॅमलची. स्वस्त, जाड आणि सावकाश वाळणारी. हवेतला प्राणवायू घेऊन ती कडक होते, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात भोसरीची सारी धूळ तिच्यावर येऊन बसते. कारखान्यात इनॅमल मारून भट्टीत भाजत, म्हणून ते टणक होई. गल्लीतल्या शेडमध्ये भट्टी नसते.

तिसरी जात आजची, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. रंगात हार्डनर मिसळायचा, मग रसायनक्रिया होऊन थर पक्का होतो. पेट्रोल, ऊन, पाऊस, सगळ्याला पुरून उरतो. याचेच एक रूप म्हणजे आधी रंगाचा हात आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. आजच्या मोटारींचे रंगकाम साधारण असेच असते. पण जुन्या चेतकच्या साध्या, बिनचमकीच्या रंगावर जाड क्लिअर कोट मारला, तर गाडी काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी दिसते. आजोबांना नातवाचा सदरा घालावा तसे काहीतरी. क्लिअरशिवायचा, एकाच थराचा पीयू रंग मिळतो. जुन्या गाडीला तो शोभतो.

पावडर कोटिंगचाही सल्ला कोणी देईल. त्यात कोरडी पूड चिकटवून १८० ते २०० अंश तापमानात भाजतात. चाकांच्या रिमा, स्टँड, कॅरिअर यांना उत्तम. पण पुट्टी भरलेल्या अंगाला ती भट्टी सोसत नाही. नेहमीची पुट्टी त्या उष्णतेत टिकत नाही.

आता डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांविषयी. चेतकचे सारे अंग दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे आहे. पत्रा हाच तिचा सांगाडा. पाय ठेवायच्या जागी रबरी मॅट असते, तिच्याखाली पाणी साचते आणि तिथूनच गंज धरतो. पत्रा सडला असेल तर तो कापून नवा जोडावा लागतो. कामचुकार माणूस तिथे पुट्टी थापतो, वर रंग मारतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर फोड येतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. छोटे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून अंगभर फिरवावे. जिथे पकड सैल पडेल, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली दिसते. ज्या दिवशी पत्रा उघडा होईल, त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमरचा हात बसायला हवा. पुट्टी त्यानंतर. म्हणूनच जाणते रंगारी हे काम दिवाळीनंतर काढतात आणि होळीच्या आत संपवतात. पैसे कमी असतील, तर वरचा रंग साधा घ्यावा, पण प्रायमर चांगला घ्यावा. बिलात मात्र लोक नेमके उलटे करतात, कारण पाहुण्यांना प्रायमर दाखवता येत नाही.

चाकणच्या मोठ्या कारखान्यांत हेच काम कसे चालते? मोटारीचे अख्खे अंग रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. मग रंगाचे कण आपणहून पत्र्याकडे ओढले जातात आणि हात पोचणार नाही अशा पोकळीतही थर बसतो. पुढे भट्टी, पुढे बंद खोलीत यंत्रमानव गन चालवतात, आणि आतली हवा सतत गाळून बाहेर काढली जाते. तिथून काही किलोमीटरवर, भोसरीच्या किंवा तळवड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक माणूस नाकाला रुमाल बांधून गन चालवतो. रंग तोच, हार्डनरही त्याच जातीचा. हवा मात्र वेगळी.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो याच कुळातला होता. हार्डनरमधले रसायन तो वायू नव्हे आणि तितके जहालही नव्हे, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण गनमधून त्याचे तुषार उडतात, ते श्वासात जातात आणि काहींना त्यामुळे दमा जडतो. कामातून होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत जगभर याची गणना होते. एकदा शरीराने हाय खाल्ली, की मग अगदी थोडा अंशही पुरतो. माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. यातली वाईट गोष्ट अशी, की वास येऊ लागेपर्यंत हवेतले प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेले असू शकते. रुमालाने किंवा धुळीच्या साध्या मास्कने ते अडत नाही. नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

मी ज्याला ओळखतो तो रंगारी पन्नाशीच्या आतच गन खाली ठेवून बसला आहे. आता तो फक्त रंग जुळवून देतो. त्याची नजर अशी, की पांढऱ्यात पडलेला काळ्याचा थेंब सांगेल. जिना चढताना मात्र तो दर चार पायऱ्यांनी थांबतो. कशामुळे, ते डॉक्टरांनी त्याला सांगितले आहे. आपल्या गाड्यांची चमक त्याच्या छातीतून आली, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

जुना रंग उतरवतानाही जपायला हवे. पूर्वीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो घराच्या रंगांपुरता आहे. शिवाय तुमच्या स्कूटरवरचा थर त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडे घासून पूड उडवू नये. पाणी लावून घासावे, चिखल गोळा करावा, आणि लहान मुलांना त्या अंगणात खेळू देऊ नये. घरच्या ओट्यावर हौसेने हे काम करणाऱ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे.

तेव्हा शेड निवडताना रंगाऱ्याला तीन प्रश्न विचारा. गन कुठे मारणार? मुखवटा कोणता वापरणार? हवा कुठून बाहेर जाणार? उत्तरे समाधानकारक असतील, तर खुशाल पीयू घ्या आणि त्याचे जास्तीचे पैसे घासाघीस न करता द्या. त्यात त्या माणसाच्या श्वासाचे पैसे आहेत. उत्तर नुसता रुमाल असेल, तर दोन वाटा आहेत. एकतर चांगली बंदिस्त खोली असलेल्या ठिकाणी गाडी न्या, नाहीतर हार्डनर नसलेला रंग घ्या. थिनरची वाफही छातीला चांगली नाही, तेव्हा मोकळी हवा आणि योग्य मुखवटा तिथेही हवाच. असा रंग थोडा लवकर विटेल, पेट्रोलचा थेंब पडला की फडके घेऊन धावावे लागेल. वर्षातून चार रविवार फिरवायच्या गाडीला तेवढे चालते.

रंगकाम झाल्यावर घाई करू नका. पीयू वरून वाळलेला दिसला, तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. निदान महिनाभर त्याला मेण लावू नका, आणि उन्हात झाकून कोंडू नका.

शेवटी एक छोटे काम सांगतो. डिकीच्या आत, तळाशी, चार बोटे जागा जुन्या रंगाची तशीच सोडा. तिथे फक्त गंज थांबेल एवढे करा. आणि एका कागदावर रंगाचा क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण, कंपनी, प्रायमरचे नाव, तारीख आणि रंगाऱ्याचे नाव लिहून तो आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. तीस वर्षांनी तुमची मुले ही गाडी काढतील आणि रंगावरून भांडतील, तेव्हा तो कागद त्यांना उपयोगी पडेल.